तीनशे सिग्नल आणि एक डोके

छत्रपती संभाजीनगरात सॉफ्टवेअरचा विषय निघाला की लोक पुण्याकडे बोट दाखवतात. कुणाची मुलगी संगणक शाखेतून इंजिनिअर झाली तर पहिला प्रश्न 'पुण्यात कुठे?' असाच येतो. प्रत्यक्षात या शहरात तिन्ही शिफ्टमध्ये असंख्य प्रोग्रॅम अखंड चालू असतात. फक्त ते मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाहीत. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत यंत्राशेजारी लोखंडी कपाटे उभी असतात. त्यांना पॅनेल म्हणतात. दार उघडले की वायरींच्या जंगलात जाडजूड पुस्तकाएवढा एक डबा दिसतो, त्यावर हिरवे-लाल दिवे लुकलुकत असतात. हा पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. सिलिंडर कधी पुढे जाईल, ड्रिल कधी खाली येईल, बाटली कधी भरेल आणि कधी मुळीच भरायची नाही, हे सगळे तो ठरवतो.

1985 मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्यांची वसाहत वाढत गेली. 2001 पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. औषधे, बिअर, टायर ही या शहराची बाकीची ओळख. या सगळ्यांच्या पोटात कुणीतरी लिहिलेला कोड आहे आणि तो बिघडला की दुरुस्त करणारी माणसे आहेत. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर सहसा 'प्रोग्रॅमर' असे लिहिलेले नसते. कुणी मेन्टेनन्स इंजिनिअर, कुणी कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपचा मालक, कुणी आयटीआय झालेला आणि पुढे हे सगळे हाताने शिकलेला इलेक्ट्रिशियन. गुंतागुंतीचा कोड माणसाच्या डोक्याचे काय करतो हे समजून घ्यायचे असेल तर वातानुकूलित कार्यालयापेक्षा ही जागा बरी. इथे चूक झाली की आवाज येतो.

या डब्याचा जन्म अमेरिकेतल्या मोटार उद्योगात झाला. तोवर यंत्रांचे सगळे तर्क रिले नावाच्या विद्युतचुंबकीय स्विचांनी चालत. गाडीचे मॉडेल बदलले की भिंतभर पॅनेलमधल्या वायरी उचकटायच्या आणि नव्याने जोडायच्या. 1968 मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला याला पर्याय हवा होता. डिक मोर्ली आणि त्याच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी जे यंत्र बनवले ते त्यांच्या कंपनीचे चौऱ्याऐंशीवे काम होते, म्हणून नाव पडले मॉडिकॉन 084. त्यांनी केलेली खरी शहाणपणाची गोष्ट मात्र यंत्रात नव्हती, भाषेत होती. संगणकाची भाषा वायरमनला शिकवण्याऐवजी त्यांनी वायरमनला रोज दिसणारे रिलेचे ड्रॉइंगच प्रोग्रॅमची भाषा म्हणून घेतले. दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या. डावीकडे अटी, उजवीकडे परिणाम. तिला लॅडर म्हणतात. कारागिरासाठी संगणक वाकवल्याची इतकी चांगली उदाहरणे फार नाहीत.

लॅडरची एक पायरी कुणालाही वाचता येते. दार लागले आहे, पकड बसली आहे, तेलाचा दाब पुरेसा आहे, आणीबाणीचे बटण दाबलेले नाही: तर स्पिंडल फिरव. इतके सोपे असेल तर माणसे रात्ररात्र लॅपटॉप मांडीवर घेऊन पॅनेलसमोर स्टुलावर का बसतात?

पहिली अडचण वेळेची. पीएलसी सगळे सिग्नल एकदा वाचतो, प्रोग्रॅम वरून खाली तपासतो, निकाल बाहेर पाठवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. या फेरीला स्कॅन म्हणतात आणि ती बहुधा काही मिलिसेकंदांत संपते. यामुळे गमती होतात. एकच मोटार चुकून दोन पायऱ्यांवर लिहिली गेली तर खालची पायरी जिंकते. वरची पायरी स्क्रीनवर पूर्ण हिरवी, सगळ्या अटी खऱ्या, आणि मोटार ढिम्म. नवशिक्या पोरगा मोटार तपासतो, वायर तपासतो, फ्यूज बदलतो आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेऊ लागतो.

दुसरी अडचण संख्येची. चालू किंवा बंद अशा दोनच अवस्था असलेले दहा सिग्नल घेतले तर एकूण 1,024 परिस्थिती संभवतात. वीस घेतले तर 10,48,576. मध्यम आकाराच्या यंत्राला तीनशे सिग्नल सहज असतात; त्यांच्या एकत्रित शक्यता मोजल्या तर 91 आकडी संख्या येते. अर्थात यातल्या जवळजवळ सगळ्या परिस्थिती कधीच येत नाहीत. पण कोणत्या येणार नाहीत हे कुणालातरी ठाऊक असावे लागते. ते ठाऊक असणे म्हणजेच या कामातले कौशल्य.

समजा, एका मशीनवर हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर अॅल्युमिनिअमचा जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, घट्ट धरतो. पकड बसली की प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे फ्लोअरवरच्या बोलीतला 'प्रॉक्सी', सिग्नल देतो आणि ड्रिल खाली येते. मशीन दिवसभर व्यवस्थित चालते, पण शिफ्टमधून एखाद-दोन वेळा मध्येच थांबते. पडद्यावर संदेश: 'क्लॅम्प नॉट ओके'. माणूस धावत येऊन बघतो तर पकड घट्ट, प्रॉक्सीचा दिवा पेटलेला, पायरी हिरवी. रिसेट दाबले की मशीन चालू. प्रॉक्सी बदलली जाते. मशीन पुन्हा थांबते. केबल बदलली जाते, पुन्हा थांबते. मग संशय ऑपरेटरवर जातो, कारण कारखान्यात संशयाचा उतार त्याच दिशेने असतो. शेवटी कुणाच्या तरी लक्षात येते की थांबण्याच्या क्षणी शेजारच्या लाइनीवरचा मोठा सिलिंडर हलतो. हवेची नळी दोघांची एकच. दाब क्षणभर उतरतो, पकड केसभर सैल होते, प्रॉक्सीचा सिग्नल काही मिलिसेकंदांसाठी जातो. बहुतेक वेळा प्रोग्रॅम त्या क्षणी पकडीकडे पाहत नसतो. एखाद्या वेळी नेमका पाहतो, आणि त्या एका स्कॅनपुरते यंत्राचे म्हणणे खरे असते.

आता दुरुस्ती. सिग्नल दोनशे मिलिसेकंदांपेक्षा कमी काळ गेला तर दुर्लक्ष कर, असा टाइमर प्रोग्रॅममध्ये टाकता येतो. पाच मिनिटांचे काम. पण ड्रिल चालू असताना पकड खरोखरच सुटली तर त्याच दोनशे मिलिसेकंदांत काय होईल, याचा विचार आधी करावा लागतो. नीट उपाय म्हणजे नळीत हवा मागे फिरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवणे. बहुतेक ठिकाणी रात्री टाइमर पडतो आणि व्हॉल्व्ह 'पुढच्या शटडाउनला बघू' म्हणून राहतो.

वेळेशी खेळणाऱ्या अशा चुका किती भयंकर होऊ शकतात याचे जगभर शिकवले जाणारे उदाहरण रुग्णालयातले आहे. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेराक-25 या यंत्राने 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जास्त किरणोत्सर्ग दिला. त्यांतले काही दगावले. त्यातली एक चूक अशी होती की ऑपरेटरने पडद्यावरची नोंद काही सेकंदांच्या आत, झरझर दुरुस्त केली तरच ती उद्भवे. म्हणजे हात सरावला तसा धोका वाढला. सावकाश चाचणी घेणाऱ्याला ती सापडणे कठीणच. आधीच्या मॉडेलमधले यांत्रिक इंटरलॉक, म्हणजे धोका असला की यंत्र रोखणारे अडसर, या यंत्रात काढून टाकलेले होते, कारण सॉफ्टवेअर आहेच, असा भरवसा होता.

डोक्याकडे येऊ. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये म्हटले की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो. नेल्सन कोवान याने 2001 मध्ये पुरावे पुन्हा तपासून हा आकडा चारच्या आसपास आणला. वरच्या बिघाडात प्रॉक्सी, तिची पायरी, स्कॅनचा क्षण, हवेची नळी आणि शेजारचे मशीन एवढ्या पाच गोष्टी एकाच वेळी नजरेसमोर असल्याशिवाय उत्तर दिसत नाही. डोक्याचा ताण इथून सुरू होतो. एकेक गोष्ट अवघड नसते. एक धरायला जावे तर दुसरी निसटते.

मग अनुभवी माणसाला ते कसे जमते? त्याची स्मरणशक्ती मोठी असते असे नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये बुद्धिबळपटूंवर प्रयोग केले. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर पट्टीचा खेळाडू ती जवळपास पूर्ण सांगे; सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्याची आघाडी बहुतांश संपून जाई. 1981 मध्ये असाच प्रयोग प्रोग्रॅमरांवर झाला. अर्थपूर्ण प्रोग्रॅम तज्ज्ञांना नवशिक्यांपेक्षा कितीतरी जास्त आठवला. ओळींची उलथापालथ केली की तेही इतरांच्या पंक्तीत. लॅडरवर मुरलेल्या माणसाला अटींचे तीन संपर्क आणि परिणामाची एक कॉइल असे चार तुकडे दिसत नाहीत. त्याला 'होल्डिंग' दिसते, म्हणजे बटण सोडले तरी मोटार चालू ठेवणारी जुनी, ओळखीची रचना. चारातली एकच जागा खर्च होते.

कोड वाचताना मेंदूचा कोणता भाग राबतो, यावर संशोधकांत काही काळ मतभेद होते. 2014 मध्ये जर्मनीत यानेट सिगमुंड आणि सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमरांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून कोड वाचायला दिला. त्यांना डाव्या बाजूचे, भाषेशी निगडित भागही सक्रिय दिसले. 2020 मध्ये एमआयटीतल्या गटाने पायथनसोबत स्क्रॅचज्युनिअर ही लहान मुलांची चित्रमय भाषाही तपासली. वाक्ये समजून घेणारी यंत्रणा कोडला फारसा प्रतिसाद देत नाही आणि मुख्य भार उचलते ती गणिते, कोडी, अवघड हिशेब यांसाठी कामाला लागणारी सर्वसाधारण यंत्रणा, असे त्यांना आढळले. लॅडरवर असा प्रयोग झाल्याचे माझ्या वाचनात नाही, पण तीही चित्रांचीच भाषा आहे. कोड 'वाचणे' हे वर्तमानपत्र वाचण्यासारखे नसावे, हे पॅनेलसमोर तास काढलेल्या कुणालाही पटेल.

या यंत्रणेचा थकवा विचित्र असतो. अंग दुखत नाही, घाम येत नाही, आणि घरी आल्यावर 'दिवसभर बसूनच तर होतास' असे ऐकावे लागते. मेंदू शरीराच्या सुमारे दोन टक्के वजनाचा असून एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा घेतो, पण अवघड विचार करताना हा खर्च थोडाच वाढतो. त्यामुळे 'साखर संपली' हे स्पष्टीकरण पुरत नाही. 2022 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्या लोकांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचल्याचे नोंदवले. सोपे काम केलेल्यांत तसे झाले नाही. थकलेल्यांनी नंतरच्या निवडींत लगेच आणि कष्टाविना मिळणारे बक्षीस जास्त वेळा पसंत केले. एकाच अभ्यासावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत; पण संध्याकाळी सहा वाजता व्हॉल्व्हऐवजी टाइमर का पडतो, याच्याशी ते जुळते खरे.

आतापर्यंतचा ताण चालण्यासारखा आहे. माणसाला खरे पोखरते ते दुसऱ्याने लिहिलेले काम. मशीन पंधरा वर्षे जुने, प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो पुण्याला गेला, तिथून पुढे जर्मनीला. पॅनेलच्या दाराच्या कप्प्यात पिवळे पडलेले ड्रॉइंग, त्यात आणि प्रत्यक्ष वायरींत फरक. प्रोग्रॅममध्ये पायऱ्यांवर एकही टीप नाही, सिग्नलांना नावे नाहीत, नुसते क्रमांक. आणि मधोमध एक टाइमर, ज्याबद्दल पिढ्यान्पिढ्या एकच वाक्य चालत आलेले असते: 'हा का आहे माहीत नाही, पण काढू नका.'

डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर याने 1985 मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे, की प्रोग्रॅम म्हणजे लिहिलेला मजकूर नव्हे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात जे आकलन तयार होते, हे असेच का आणि तसे का नाही याचे, तो खरा प्रोग्रॅम. मजकूर हा त्याचा मागे राहिलेला अंश. आकलन असलेली माणसे पांगली की मजकूर चालू राहिला तरी प्रोग्रॅम मेलेला असतो, कारण त्यात शहाणपणाने बदल करणारे कुणी उरत नाही. या शहराला हे नवे नाही. हिमरू या इथल्या नक्षीदार कापडाच्या जुन्या मागावर नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधलेली असे. एक जण वर बसून ठरल्या क्रमाने दोऱ्या ओढी, खालचा विणी. जाळे शाबूत असेपर्यंत तीच नक्षी कितीही विणता येई. पण वेलीचे वळण बदलायचे तर जाळे बांधणाराच लागे.

नाउरचे म्हणणे मला जवळजवळ पूर्ण पटते, एक गोष्ट सोडून. आकलन कागदावर पूर्ण उतरवता येत नाही हे खरे. तरी दोन ओळींची टीप बरेच काही वाचवते. 'शेजारच्या लाइनीच्या सिलिंडरमुळे दाब उतरतो, म्हणून हा टाइमर' एवढे लिहायला अर्धे मिनिट लागते. न लिहिण्याचे कारण आळस असतेच असे नाही. मशीन चालू झाले त्या क्षणी लॅपटॉप बंद करून माणसाला पुढच्या बिघाडाकडे पाठवलेले असते.

ब्रेकडाउनच्या वेळचे दृश्य कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. लाइन बंद. स्टुलावर एक जण, त्याच्या मागे अर्धवर्तुळात सुपरवायझर, प्रॉडक्शन मॅनेजर, कधी त्याच्याही वरचे साहेब. दर पाच मिनिटांनी 'किती वेळ लागेल?' प्रश्न रास्त आहे; लाइन बंद राहिली तर ग्राहकाची लाइन बंद पडते. पण उत्तर द्यायला तोंड उघडले की मनात धरलेल्या चार-पाच गोष्टी सांडतात आणि पुन्हा पहिल्यापासून गोळा कराव्या लागतात. सोफी लेरॉय हिने 2009 मध्ये दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. त्यातून वेळ रात्रीची. सतरा तास सलग जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे 1997 चा 'नेचर'मधला एक अभ्यास सांगतो. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. त्याच अवस्थेत प्रेसचे इंटरलॉक बदलायला कायद्याची हरकत नाही. इटलीत विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात एका रात्रीच्या जागरणानंतर लिहिलेल्या कोडचा दर्जा निम्म्यावर आला होता.

लिसॅन बेनब्रिज हिने 1983 मध्ये स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक छोटा निबंध लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे. यंत्र सोपी कामे स्वतःकडे घेते आणि माणसासाठी ठेवते ती फक्त यंत्राला न जमलेली, म्हणजे सर्वांत अवघड. शिवाय रोजचा हात सुटल्यामुळे त्या अवघड कामासाठी लागणारा सराव माणसाकडे उरत नाही. लाइन महिनाभर सुरळीत चालली की मेन्टेनन्सवाला रिकामा दिसतो. बिघाड होतो तेव्हा त्याला महिनाभर न पाहिलेला प्रोग्रॅम दहा मिनिटांत समजायला हवा असतो.

इतके असून माणसे हे काम सोडत नाहीत, आणि कारण फक्त पगार असता तर ती कधीच पुण्याला गेली असती. बिघाडाचे कारण सापडते तो क्षण तपासला गेला आहे. 2004 मध्ये मार्क युंग-बीमन, जॉन कौनिओस आणि सहकाऱ्यांनी कोडी सोडवणाऱ्यांच्या मेंदूतील विद्युत लहरी नोंदवल्या. पायरीपायरीने सुटलेल्या कोड्यांत न दिसणारा एक झोत, एकदम सुचलेल्या उत्तराच्या सुमारे तृतीयांश सेकंद आधी, उजव्या कानाच्या वरच्या भागात दिसला. दूरदूरच्या संबंधांची जुळणी करणारा हा भाग असावा, असे त्यांचे मत. प्रॉक्सी आणि शेजारचा सिलिंडर हे दूरचेच संबंध. म्हणूनच बहुधा उत्तर स्टुलावर सुचत नाही. ते बाहेर टपरीवर चहा पिताना किंवा नगर नाक्याच्या गर्दीत गाडी अडकलेली असताना सुचते.

या क्षणापेक्षा मला दुसरे एक समाधान मोठे वाटते. नव्या मशीनचे कमिशनिंग चालू असते. आधी प्रत्येक सिलिंडर हाताने एकेकटा हलवून पाहायचा, मग सिंगल सायकल, मग ऑटो. पहिल्यांदा ऑटोवर टाकले की सगळे जण एक पाऊल मागे सरतात आणि एकाचा हात आणीबाणीच्या बटणावर असतो. मशीन स्वतःहून जॉब उचलते, धरते, भोक पाडते, सोडते आणि पुढचा उचलते. मिहाय चिक्सेंटमिहाय याने ज्या तल्लीन अवस्थेचा अभ्यास केला तिच्या अटी अशा: आव्हान कौशल्याला जेमतेम पेलणारे, उद्दिष्ट स्पष्ट, आणि केल्याचा परिणाम ताबडतोब दिसणारा. पडद्यावरचा आकडा बदलताना पाहणाऱ्या प्रोग्रॅमरला तिसरी अट अर्धीमुर्धी मिळते. इथे ती दीड टन लोखंडाच्या रूपात समोर हलत असते. ताण आणि आनंद ही दोन वेगळी खाती नाहीत. तीनशे सिग्नल डोक्यात रचायला जो त्रास झाला, तीच रचना आता डोळ्यांसमोर चालताना दिसते. त्रास न घेतलेल्या माणसाला तिथे फक्त एक मशीन दिसते.

सध्या वाळूज-चिकलठाण्याच्या जुन्या कारखान्यांत एक काम वाढते आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पीएलसी बंद पडू लागले आहेत, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून जुना प्रोग्रॅम नव्या डब्यावर उतरवायचा. या कामाला कन्व्हर्जन म्हणतात. ओळीला ओळ उतरवून भागत नाही, कारण नवा डबा कितीतरी वेगवान असतो. जुन्या स्कॅनच्या संथपणामुळे आपोआप झाकल्या गेलेल्या चुका उघड्या पडतात. अनोळखी टाइमर सगळे याच वेळी समोर येतात. जाणते लोक ते डोळे झाकून ठेवतही नाहीत आणि काढतही नाहीत. दिवाळीच्या शटडाउनमध्ये, लाइन रिकामी असताना, एकेक टाइमर शून्यावर आणून मशीन चालवून बघतात. काहीच बिघडले नाही तरी तो लगेच पुसत नाहीत. शेजारच्या लाइनीही चालू असतील अशा एखाद्या शिफ्टमध्ये पुन्हा तपासतात. बिघडले तर कारण शोधतात, आणि या खेपेला ते त्या पायरीवर लिहून ठेवतात.